फुंकलेली अंडी

कुबातोवाबाईंनी दार ठोठावलं तेव्हा तोदोस्का पहिलं अंडं कापत होती. पुनरुत्थानाच्या सकाळी या पहिल्या अंड्याची फोड प्रत्येकाच्या तोंडात पडेपर्यंत आमच्यात कुणी बोलत नाही, उठत तर नाहीच. त्यामुळे बाई दार ठोठावत राहिल्या आणि आतली माणसं एकमेकांकडे बघत बसली. प्रार्थनेहून आशीर्वाद घेऊन आलेली टोपली टेबलावर उघडी होती. सणाचा उंच गोड पाव, म्हणजे पास्का, सॉसेज, चीज, किसलेला तिखट मुळा. इतक्या दिवसांच्या उपासानंतर सेव्हेरिनची नजर सॉसेजवरून हलायला तयार नव्हती.

तोदोस्कानं घाई केली नाही. पहिली फोड थोरल्या मुलाला, प्रोकीपला. मग त्याच्या बायकोला, मेलानियाला. मग धाकट्या सेव्हेरिनला, मग नातीला, ओरिस्याला. शेवटची स्वतःला.

“ख्रिस्त उठला,” ती म्हणाली.

“खरंच उठला.”

“आता उघडा दार. त्या बाईचा हात मोडला असेल.”

दारात कुबातोवाबाई नाकाला रुमाल लावून उभ्या होत्या. दुसऱ्या हातात पुठ्ठ्याचं खोकं होतं आणि ते त्यांनी अंगापासून जितकं लांब धरता येईल तितकं धरलं होतं. त्यांचा ईस्टर पाच आठवड्यांपूर्वीच होऊन गेला होता. झेक लोकांचं पंचांग वेगळं आणि आमचं वेगळं, पण पोद्येब्रादीत इतकी वर्षं राहून आमचे सण कधी असतात हे बाईंना ठाऊक होतं.

“सणाच्या दिवशी आले, माफ करा. पण मला राहवेना. माझ्या दुकानाच्या काचेत ठेवलेली तुमची अंडी फुटली.”

“पडली का?” मेलानियानं विचारलं.

“पडली नाहीत हो. फुटली! आपली आपण! पहिलं फुटलं तेव्हा मला वाटलं काचेवर कुणी दगड मारला. दुसरं काल फुटलं, दुकानात प्रागच्या वकिलाची बायको असताना. तिच्या हॅटवर.”

सेव्हेरिनच्या घशातून एक आवाज निघाला. त्यानं तो खोकल्यात बदलला.

“फुंकलेली आहेत म्हणाला होतात ना?” बाई मेलानियाला म्हणाल्या. “मी गिऱ्हाइकांना तसंच सांगत होते. आत काही नाही, हलकी आहेत, निर्धास्त न्या. आता दुकानासमोरून जाणारी माणसंसुद्धा नाकाला रुमाल लावतात. परवा झऱ्याच्या स्नानगृहांचा हंगाम सुरू होतोय, बाहेरगावचे पाहुणे येतील.”

“फुंकलेलीच आहेत,” मेलानिया म्हणाली आणि सासूकडे वळली. तोदोस्का मुळ्यावर मीठ घालत होती. ती इतकं मन लावून मीठ घालत होती, त्यावरूनच काय झालं ते मेलानियाला कळलं.

“भरपाई मी मागत नाही,” बाई म्हणाल्या. “मला तुमची परिस्थिती माहीत आहे. पण राहिलेले पैसे आता विसरा.”

त्यांनी खोकं पायरीवर ठेवलं. मेलानियानं तशाही स्थितीत पास्काचा एक मोठा तुकडा कापून फडक्यात बांधला आणि त्यांच्या हातात दिला. सणाला दारात आलेल्या माणसाला रिकाम्या हातानं पाठवायचं नसतं, मग त्यानं तुमचं वाटोळं केलेलं का असेना. बाईंनीही तो घेतला. बाई वाईट नव्हत्या.

दार बंद झालं.

राहिलेले पैसे म्हणजे ओरिस्याची फी होती. प्रागच्या सुईणींच्या शाळेत तिला जागा मिळाली होती, पण मेच्या मध्यापर्यंत फी भरली तरच. नाही तर जागा दुसरीला. ओरिस्या एकोणीस वर्षांची होती, आणि मेलानियानं फार विचार करून हा धंदा तिच्यासाठी निवडला होता. बाळं पासपोर्ट विचारत नाहीत, असं तिचं म्हणणं. शाळा नाही तर मग स्नानगृहांचा धोबीखाना, आणि तिथे गेलेल्या आमच्या मुलींपैकी कुणी दुसरीकडे पोचलेली मेलानियानं पाहिली नव्हती. हात लाल, मग पाठ वाकडी, मग त्याच धोबीखान्यातला एखादा कोळसेवाला नवरा.

या घरात मिळवणारे पाच जण होते, तरी हातात काही राहत नसे. प्रोकीपकडे जंगल-इंजिनियरची पदवी होती, ती चौकटीत घालून भिंतीवर लावली होती, आणि तो झऱ्याच्या पाण्याच्या बाटल्यांना बुचं मारत असे. सेव्हेरिन कोसॅकांच्या गायनमंडळीत होता. उन्हाळ्यात बागेतल्या मंडपात रुंद विजार घालून गायचा, मिशा लांब ठेवायचा, कारण मिशा नसतील तर जर्मन पाहुणे टाळ्या कमी वाजवतात. मेलानिया एकट्या राहणाऱ्या जुन्या अफसरांची खानावळ चालवायची. त्यातले निम्मे पैशांऐवजी शब्द द्यायचे. एकानं तर तीन महिन्यांच्या जेवणाच्या बदल्यात तिचं चित्र काढून दिलं होतं, त्यात ती तिरळी दिसत होती. म्हातारी हिवाळाभर झेक घरांत उशा-गाद्यांसाठी हंसाची पिसं सोलायला जायची आणि वसंतात अंडी लिहायची. ओरिस्या शेजाऱ्यांची पोरं सांभाळायची.

मिळवताना सगळे एक होते, खर्चताना प्रत्येकाचा पक्ष वेगळा. तीन पक्षांची तीन वर्तमानपत्रं घरात येत. त्यांतली दोन प्रोकीप केवळ चिडण्यासाठी वाचायचा. शिवाय सभागृहाचं भाडं, शहिदांच्या कबरींचा फंड, आणि कुणाच्या ना कुणाच्या जयंतीचा चहा. मेलानिया म्हणायची, आपल्या लोकांना भूक लागली की ते वर्गणी काढतात.

“सासूबाई,” ती आता म्हणाली. आवाज अगदी शांत होता, म्हणून सगळे सावध झाले. “मी तुम्हाला सुई दिली होती. भोक कसं पाडायचं दाखवलं होतं. दोन्ही टोकांना. मग फुंकायचं. आतलं वाडग्यात. त्याचं आम्लेट करून मी त्या अफसरांना घातलंसुद्धा.”

“फुंकली की. जी फुंकायची ती फुंकली.”

“आणि कुठली नाही फुंकली?”

“न संपणारी रेघ असलेली.”

ओरिस्यानं डोळे मिटले. तिला लगेच कळलं. आजी लिहायला घ्यायच्या आधी प्रत्येक अंडं खिडकीच्या उजेडात धरायची, आत जीव आहे का बघायला. जीव असलेली एका टोपलीत आणि नसलेली दुसऱ्या टोपलीत घालायची. मग मेणाच्या लेखणीनं लिहायची. आमच्यात अंडी रंगवत नाहीत, लिहितात, आणि तोदोस्काला अक्षरं येत नसली तरी असं लिहिणारी दुसरी कुणी नव्हती. न संपणारी रेघ अंड्याभोवती फिरत फिरत सुरुवातीलाच येऊन मिळते. ती घरच्यांसाठीच लिहायची, पण बाईंना तीच फार आवडली होती.

“रेघेला शेवट नाही आणि आत काहीच नाही?” तोदोस्का म्हणाली. “असलं अंडं मेलेल्याच्या हातात देतात. मी देवाला फसवू?”

“देवाला नाही हो, गिऱ्हाइकाला! गिऱ्हाइकाला फसवलेलं चालतं!”

“आपल्या गावी देवाच्या तसबिरीमागं माझ्या आजीच्या वेळची अंडी होती. हलवली की आत खडखडायचं. एकही फुटलं नाही.”

“तिथं तसबिरीमागं अंधार होता आणि गारवा होता! इथं दिवसभर काचेतून ऊन पडतं!”

“मग त्या बाईनं उन्हात का ठेवली?”

“जाऊ दे ना, मेलानिया,” प्रोकीप म्हणाला. “आईनं काही मुद्दाम केलं नाही.”

“मुद्दामच केलं! ती स्वतः सांगतेय, मुद्दाम केलं म्हणून!”

“वहिनी, पण हॅट,” सेव्हेरिन म्हणाला. “वकिलाच्या बायकोची हॅट. देवाची शपथ, मी ती हॅट बघायला पैसे मोजले असते.”

“कुठले पैसे मोजले असतेस? गायनमंडळीनं तुला जानेवारीपासून दिले आहेत का? घरात शेवटचं काय आणलंस, सांग.”

“मागच्या आठवड्यात चाळीस कोरुना दिले की.”

“ते कुठून आणलेस?”

सेव्हेरिननं सॉसेजकडे पाहिलं. “ड्रेस्डेनचा एक दातांचा डॉक्टर आलाय उपचाराला. त्याला जमवायचा नाद आहे. त्याला मी दोन बटणं दिली.”

“कसली बटणं?” प्रोकीपनं विचारलं.

“लष्करी कोटाची. कोट काय, कसरीनं खाल्लाच होता.”

“बटणांवर त्रिशूळ होता. आपल्या राज्याचा.”

“म्हणून तर घेतली ना त्यानं, दादा. बुडालेल्या राज्यांच्या वस्तू जमवतो तो.”

“बुडालेल्या?”

“तो म्हणतो. मी नाही म्हणत.”

प्रोकीपचा हात टेबलावर आपटला आणि पास्का हलला. त्या घरात तो फारसा ओरडत नसे, म्हणून ओरडला की विचित्र वाटायचं. ज्या कोटात आपली माणसं नदी ओलांडताना मेली त्या कोटाची बटणं दातांच्या डॉक्टरला विकणाऱ्या माणसाबरोबर आपण सणाचं अंडं खाल्लं, वगैरे. मेलानिया म्हणाली, की निदान त्यानं काही तरी विकून घरात आणलं, तुझी पदवी तर कुणी विकतसुद्धा घेणार नाही. क्षणापूर्वी ती दिरावर तुटून पडली होती, आता नवऱ्यावर. सेव्हेरिननं तेवढ्यात सॉसेजचा तुकडा उचलला.

“मी धोबीखान्यात जाते,” ओरिस्या म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले.

“एक हंगाम. पुढच्या वर्षी बघू. रडायचं काय त्यात? मी नाही रडत.” पण रडू आलं होतं, आणि ते दिसू नये म्हणून ती भांडी आवरायला लागली. अजून कुणी जेवलंच नव्हतं, तेव्हा आवरायला काही नव्हतं. जागेचं पत्र आलं त्या दिवसापासून ती रात्री मनातल्या मनात प्रागच्या ट्रामचे थांबे पाठ करत होती. पुढचं वर्ष येत नसतं, हे या घरात वाढलेल्या मुलीला सांगावं लागत नाही. वडील दर वर्षी म्हणत, पुढच्या ईस्टरला घरी.

तोदोस्का उठली. कोपऱ्यातल्या आपल्या पलंगाकडे गेली आणि उशी उचलली.

प्रोकीपनं उशी पाहिली. आत काय आहे ते त्याला माहीत होतं.

इथे आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात आई पिसं सोलून आली होती. बोटं सुजलेली, मुठीत झेक नोटा. म्हणाली, ‘हे पैसे घरी चालायचे नाहीत. आपल्यांत बदलून दे, परत जाताना लागतील. तुझ्या बापाशेजारी माझी जागा राखलीय, तिथवर पोचायचा खर्च माझा मी करणार.’ प्रोकीप पलटणीचा खजिनदार होता. आमचं राज्य गेलं, सीमा ओलांडली, पण नोटांची पेटी त्याच्याकडेच राहिली होती, पलंगाखाली. आमच्या राज्याच्या चलनाच्या, कार्बोवानेत्सच्या, नव्या कोऱ्या नोटा, बांधणीची पट्टीसुद्धा न सोडलेली. त्यांना आता काही किंमत नाही हे त्याला सांगायचं होतं. त्यानं सांगितलं, “एका कोरुनाला चाळीस.” आणि मोजून दिल्या.

पुढच्या महिन्यात अडतीस दिल्या तर तिनं घासाघीस केली. ‘मागं चाळीस दिल्यास, आता अडतीस? आईला लुबाडतोस?’

‘आपला पैसा वधारलाय, आई.’

त्या रात्री ती गाणं म्हणत झोपली. तेव्हापासून त्याला सवयच लागली. तिकडची बातमी वाईट आली, की तो आपल्या पैशाचा भाव थोडा चढवायचा. गावात उपासमार असल्याचं ऐकलं त्या महिन्यात त्यानं एकदम तीननं चढवला होता. आणि तिचे कोरुना भाड्यात जायचे, कोळशात जायचे, एक वर्ष सेव्हेरिनच्या फुप्फुसांत गेले.

तोदोस्कानं उशीची शिवण दातानं तोडली, आतून फडक्यात बांधलेलं गाठोडं काढलं आणि नातीसमोर ठेवलं.

“घे. माझी परतीची रक्कम. फी भर. उरेल त्यात माझं तिकीट होतंय का बघा, नाही झालं तर आणखी पिसं सोलेन. अंडी मी नासवली, तर मीच भरते.”

ओरिस्यानं फडकं सोडलं. वरची नोट हातात घेतली, मग दुसरी, मग तिनं पूर्ण गड्डी उलटून पाहिली.

“बाबा,” ती म्हणाली, “आजी तुला दर महिन्याला कोरुना देते ना?”

प्रोकीपनं नुसती मान हलवली.

“मग ते कुठेयत?”

“पोरी, बस खाली,” मेलानिया म्हणाली.

“तुला माहीत होतं?”

“पाच वर्षं झाली. पेटी अर्धी कशी झाली म्हणून विचारलं, तेव्हा कळलं. मीच म्हटलं, चालू दे.” मेलानियाचा आवाज उतरला होता. “त्याशिवाय भागत नव्हतं.”

“काका?”

“माझी छाती त्याच पैशांवर बरी झाली, ओरिस्या,” सेव्हेरिन म्हणाला. त्यानं सॉसेज ताटात परत ठेवलं. “मी कुठल्या तोंडानं बोलू?”

“काय चाललंय?” तोदोस्कानं विचारलं. “कमी आहेत का? मी तर नीट ठेवल्या होत्या.”

मग प्रोकीपनं सांगितलं. उभं राहून सांगितलं, जसं वरिष्ठापुढे सांगतात. या नोटा कुठेच चालत नाहीत. इथेही नाही, तिकडेही नाही. पहिल्या दिवसापासून चालत नव्हत्या. भाव तो मनानं ठरवायचा.

तोदोस्काला आधी पैसे आठवले नाहीत, आठवल्या त्या घासाघिशी. दोन नोटांसाठी ती कशी भांडली होती आणि त्यानं कशा हसत हसत वाढवून दिल्या होत्या. त्या वेळी तिला वाटलं होतं, किती चांगला मुलगा आहे आपला.

“मला तुझा राग आलाय, प्रोकीप,” ती म्हणाली. “उद्या उतरेल का ते मला माहीत नाही.”

“हो, आई.”

“काय लिहिलंय यावर? वाच.”

त्यानं नोट घेतली. “शंभर कार्बोवानेत्स. खाली लिहिलंय, खोट्या नोटा करणाऱ्यास तुरुंग.”

“आणि खऱ्या देणाऱ्याला?”

सेव्हेरिनला हसू आलं आणि लगेच त्यानं तोंड फिरवलं, कारण म्हातारी हसत नव्हती. खिडकीबाहेर बागेत कुणी तरी बाजा वाजवून बघत होतं. मग सेव्हेरिनच हळूच म्हणाला, “तो दातांचा डॉक्टर या नोटाच विचारत होता. बटणांपेक्षा त्याला नोटा हव्यात. घडी न पडलेल्या. शंभराच्या एकेका नोटेला सात-आठ कोरुना देईल. आणि त्याच्यासारखे अजून दोघं आहेत. एवढ्यात फी सहज निघेल.”

“नाही,” प्रोकीप म्हणाला.

“दादा, विचार तरी कर.”

“ते राज्याचं चलन आहे. काचेच्या कपाटात ठेवायची चीज नाही. वकील, प्राध्यापक, जे कुणी बुडालं म्हणायचं ते म्हणू देत, पण ही नोट आपण त्या माणसाला विकली की मग ते आपण म्हटलं. मी म्हटलं. मी खजिनदार आहे.”

“तू बुचं मारतोस,” मेलानिया म्हणाली, पण टोचून नाही. तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता. “चलन उशीत होतं, प्रोकीप. पोर धोबीखान्यात जाईल.”

“नको मला ती फी,” ओरिस्या म्हणाली. “आजीचे आहेत ते. आजी म्हणेल तसं.”

मग सगळ्यांनी म्हातारीकडे पाहिलं. अंड्यांपायी घडीभरापूर्वी जिच्यामुळे सगळं घर भांडत होतं, तिच्याकडेच.

तोदोस्कानं गड्डीतली एक नोट उचलली आणि ती खिडकीपाशी गेली. दोन बोटांत धरून तिनं नोट उजेडासमोर नेली आणि एक डोळा बारीक केला. अंडं बघते तसंच. पलीकडचं झाड कागदातून अंधुक दिसत होतं. तिनं नोट उलटी करून पुन्हा पाहिली.

“घेऊन जा रे, सेव्हेरिन,” ती म्हणाली. “वीक. भाव मात्र पाडू नकोस.”

“आई!” प्रोकीप म्हणाला. “तू एक अंडं फुंकायला तयार नव्हतीस.”

“अंड्यात जीव होता.” तिनं नोट गड्डीवर परत ठेवली आणि कडा सारख्या केल्या. “या तर आधीच फुंकलेल्या आहेत.”

सेव्हेरिननं गाठोडं बांधलं. ओरिस्यानं आजीला मिठी मारली आणि या वेळी रडू लपवलं नाही. मेलानिया पायरीवरचं खोकं उचलून मागच्या अंगणात पुरायला घेऊन गेली, कारण लिहिलेलं अंडं आशीर्वादाच्या दिवशी कचऱ्यात टाकत नाहीत, ते नासलेलं असलं तरी. टेबलापाशी प्रोकीप एकटा उभा राहिला. बसावं की जावं हे त्याला कळत नव्हतं.

तोदोस्का आपल्या जागेवर येऊन बसली. पास्काची कड मोडून तिनं ताटात घेतली, पण खाल्ली नाही.

“शेवटच्या महिन्यात काय भाव दिला होतास?”

“एका कोरुनाला एकोणीस.”

“आणि पहिल्यांदा चाळीस.”

“हो.”

“म्हणजे वधारत होता.”

प्रोकीप खाली बसला.

“वधारत होता, आई,” तो म्हणाला. “दर वर्षी वधारत होता.”